घरगुती विक्री आणि दूरच्या पत्त्यांचा पाठवणीखर्च

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत छंदातून सुरू झालेली छोटी विक्री आता नियमित झाली आहे. कोणी दिवाळीचा फराळ आणि गोडा मसाला करून देते, कोणी क्रोशाचे रुमाल, कापडी बाहुल्या, हाताने रंगवलेली भेटकार्डे विकते, कोणी जुनी पुस्तके, तिकिटे आणि नाणी. लष्कर, मुरार आणि जुन्या ग्वाल्हेरातील गिऱ्हाईक घरी येऊन माल नेते, तोवर हिशोब सोपा असतो. पण समाजातील मुलेमुली पुण्या-बंगळूरला गेली, काही सैन्यात लेह-तेजपूरला पोचली, काही अमेरिकेत स्थिरावली. मागणी आता तिकडून येते. पदार्थाची किंमत बरोबर लावूनही महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, अशी तक्रार मग ऐकू येते. बहुतेक वेळा पैसा पाठवणीतच गळालेला असतो. हा खर्च कसा बनतो, तो कमी कसा करावा आणि गिऱ्हाइकाकडून किती घ्यावा, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

एकच दर: जुनी कल्पना आणि ग्वाल्हेरचे तिकीट

पत्र जवळ जावो की दूर, वजन तेच असेल तर पैसे तेच, ही कल्पना हिंदुस्थानात १८५४ च्या टपाल कायद्याने आली. लॉर्ड डलहौसीच्या काळात झालेल्या या सुधारणेनुसार पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला सर्व देशभर अर्धा आणा पडू लागला. त्यापूर्वी अंतराप्रमाणे दर वाढत असे.

संस्थानांचा प्रश्न मात्र उरला. अनेक संस्थानांची तिकिटे त्यांच्या हद्दीपुरतीच चालत. हद्दीबाहेर जाणाऱ्या पत्राला ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट वेगळे लावावे लागे. म्हणजे दूरच्या पत्त्यासाठी दोनदा पैसे. ग्वाल्हेर संस्थानाने १८८५ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याशी करार केला आणि हा अडथळा दूर झाला. हिंदुस्थानच्या तिकिटांवर इंग्रजीत आणि देवनागरीत ‘ग्वालियर’ असा छाप मारला जाई. ही तिकिटे लावलेले पत्र देशात कोठेही जाऊ शके. पतियाळा, नाभा, जिंद, चंबा आणि फरीदकोट या संस्थानांचेही असेच करार होते. आज हीच तिकिटे आपल्याकडील संग्राहकांच्या खरेदी-विक्रीचा विषय आहेत. त्यांत इंग्रजी नावातील ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडलेला सदोष छाप विशेष शोधला जातो.

एकच दर चालतो तो एका कारणाने. जवळ पत्र पाठवणारा थोडे जास्त देतो आणि त्यातून दूरच्या पत्राचा खर्च भागतो. टपाल खात्याला हे जमते, कारण त्याच्याकडे जवळची पत्रे अफाट संख्येने असतात. महिन्याला दहा-वीस पार्सले पाठवणाऱ्या घराला ते जमेलच असे नाही. याचा हिशोब पुढे दिला आहे.

पिनकोड काय सांगतो

दूरचा पत्ता हाती आला की प्रथम पिनकोड पाहावा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतातील नामवंत कवी-नाटककार होते. मराठी माणसाने आखलेल्या या पद्धतीत महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हे सारे ४ या एकाच आकड्याखाली येतात. ग्वाल्हेरचा ४७४ आणि पुण्याचा ४११ हे त्या अर्थाने एकाच विभागातले.

पहिला आकडा विभाग दाखवतो, पहिले दोन उपविभाग, पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटपाचे टपाल कार्यालय. ९ ने सुरू होणारे पिनकोड सैन्य टपालाचे असतात.

पहिल्या आकड्यावर विसंबून दर सांगू नये. ७ मध्ये कोलकाताही येते आणि अंदमानही (७४४). लक्षद्वीपमधील कवरत्तीचा पिनकोड ६८२५५५ आहे, म्हणजे पहिले तीन आकडे कोचीचेच. पण मध्ये समुद्र आहे. १ मध्ये दिल्ली आणि लेह (१९४) दोन्ही बसतात. दर सांगण्यापूर्वी सहाही आकडे कुरियरच्या संकेतस्थळावर किंवा खिडकीवर तपासावेत.

दुर्गम म्हणजे लांब नव्हे

नकाशावर सरळ रेषेने मोजले तर ग्वाल्हेरहून पुणे आणि लेह जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. दोन्ही हजार किलोमीटरच्या आत. तरी पुण्याचे पार्सल स्वस्त आणि लेहचे महाग पडते. याची कारणे अशी:

१. शेवटचा टप्पा. शहरात एका फेरीत चाळीस पार्सले वाटली जातात, तर डोंगरातल्या गावी एका पार्सलासाठी गाडी जाते आणि रिकामी परतते. तो खर्च एकाच पार्सलावर पडतो. खासगी कुरियर अशा ठिकाणांना आपल्या नेहमीच्या वाटपक्षेत्राबाहेरचे मानून अधिभार लावतात किंवा घेतच नाहीत. आपल्याच शेजारच्या श्योपूर जिल्ह्यातील एखादे आतले गाव या यादीत असू शकते.

२. वाहतुकीचे साधन. हिवाळ्यात झोजीला आणि मनालीकडून लेहला जाणारे रस्ते बर्फाने बंद होतात. तेव्हा सारे विमानावर अवलंबून असते. अंदमानला माल विमानाने किंवा चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून बोटीने जातो. लक्षद्वीपच्या बोटी कोचीहून सुटतात आणि पावसाळ्यात त्यांच्या फेऱ्या विस्कळीत होतात.

३. विमानाचे नियम. विमानाने जाणाऱ्या पार्सलात ज्वलनशील द्रव, अत्तराचे फवारे, सुटे लिथियम सेल चालत नाहीत. तेलकट लोणच्याची बरणी गळाली तर तिच्यासोबत दुसऱ्यांचाही माल खराब होतो. म्हणून अनेक ठिकाणी ती नाकारली जाते.

वजन दोन प्रकारचे असते

घरगुती विक्रेत्यांचे सर्वाधिक नुकसान येथे होते. पार्सल प्रत्यक्ष किती भरते हे एक वजन, आणि ते किती जागा अडवते यावरून काढलेले दुसरे, म्हणजे आकारमानाचे वजन. दोहोंतले जे जास्त, त्यावर पैसे आकारले जातात. बहुतेक कुरियर खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि ५००० ने भागतात. उत्तर किलोमध्ये येते.

आपल्या फराळातला चिवडा हा या नियमाचा पहिला बळी. समजा, एक किलो चिवडा ४५० रुपयांना विकला आणि घरात होते त्या ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या खोक्यात भरला. गुणाकार १५,००० आणि भागाकार ३. म्हणजे एक किलो मालाला तीन किलोचे पैसे. दर किलोला ९० रुपये आणि दुर्गम पिनकोडचा अधिभार पार्सलामागे १५० रुपये असे धरू. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्यक्ष दर कुरियरप्रमाणे बदलतात.)

- मोठे खोके, ३ किलो: २७० + १५० = ४२०; १८ टक्के कर धरून ४९५.६० रुपये.
- तोच चिवडा २५ × २० × १५ च्या खोक्यात, दीड किलो: १३५ + १५० = २८५; करासह ३३६.३० रुपये.

फक्त खोके बदलल्याने १५९ रुपये वाचले. चिवडा दाबून भरता येत नाही, पण खोक्यातली रिकामी जागा कमी करता येते. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन चपट्या पिशव्या एका मोठ्या फुगीर पिशवीपेक्षा नीट बसतात.

बेसनाच्या लाडवांचे उलट आहे. ते जड आणि आटोपशीर, म्हणून त्यांचे खरे वजनच धरले जाते. एक किलो लाडू आणि एक किलो चिवडा मिळून एक खोके केले, तर चिवड्याची मोकळी जागा आणि लाडवांचे वजन एकमेकांना सांभाळून घेतात. ३० × २० × १८ च्या खोक्यात हे दोन्ही बसले, तर आकारमानाचे वजन २.१६ किलो येते आणि खरे वजनही सव्वादोनच्या आसपास. अडीच किलोचा दर धरला तरी २२५ + १५० = ३७५ आणि करासह ४४२.५० रुपये. मोठ्या खोक्यातल्या एक किलो चिवड्यापेक्षा दोन किलो फराळ स्वस्तात पोचला.

यात आणखी एक गोष्ट आहे. असा अधिभार पार्सलामागे असेल, तर एका पत्त्यावर एकदाच जड पार्सल पाठवणे फायद्याचे. शेजारच्या दोन घरांचा माल एकाच गावी जायचा असेल तर तो एकत्र पाठवावा. दिवाळीच्या आधी मंडळात एकमेकांना विचारले तरी अशा जोड्या जमतात. अधिभार किलोमागे असेल तर हा फायदा उरत नाही. म्हणून आधी विचारून घ्यावे.

हलक्या वस्तू: येथे अंतराचा भार कमी

भेटकार्डे, तिकिटे, हस्तलिखित सुलेखन, कागदी कलाकृती असे काही पाठवायचे असेल तर स्पीड पोस्टचा पत्रे व कागदपत्रांसाठीचा दर पाहावा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. कर वेगळा धरून ते असे आहेत:

- ५० ग्रॅमपर्यंत: गावातल्या गावात १९ रुपये, देशात अन्यत्र कोठेही ४७ रुपये.
- ५१ ते २५० ग्रॅम: गावात २४, २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०० पर्यंत ६३, १००० पर्यंत ६८, २००० पर्यंत ७२, त्यापुढे ७७ रुपये.
- २५१ ते ५०० ग्रॅम: याच क्रमाने २८, ७०, ७५, ८२, ८६ आणि ९३ रुपये.

पहिल्या ओळीत १८५४ ची कल्पना अजून जिवंत दिसते. ग्वाल्हेरचे जुने तिकीट झाशीला पाठवा की अंदमानातल्या श्रीविजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), ४७ रुपयेच. दुसऱ्या ओळीतही सर्वांत जवळचे आणि सर्वांत दूरचे परगाव यांत फक्त १८ रुपयांचा फरक आहे. हलक्या वस्तू विकणाऱ्याने दूरच्या गिऱ्हाइकाला ‘तिकडे पाठवत नाही’ असे सांगायचे कारण नाही.

पुस्तकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून पाच किलोला १०० रुपयांपर्यंत असा दर आहे, कर वेगळा. पार्सल जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे. नियतकालिके आणि व्यावसायिक प्रकाशने यात बसत नाहीत. तेव्हा जुने दिवाळी अंक विकणाऱ्यांनी हा दर गृहीत धरू नये.

सैन्याच्या पत्त्यावर

आपल्या अनेक कुटुंबांतील मुले सैन्यात आहेत. त्यांचा पत्ता ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ असा असतो. खासगी कुरियर अशा पत्त्यांवर सहसा जात नाहीत. टपाल खाते जाते, आणि देशांतर्गत दरानेच जाते. हे पार्सल आधी सैन्य टपालाच्या मुख्य केंद्रात जाते आणि तेथून तुकडीपर्यंत पोचते. म्हणून फराळ पाठवायचा असेल तर दिवस हाताशी ठेवून पाठवावा. ओल्या नारळाच्या करंज्यांपेक्षा शंकरपाळे, लाडू, चिवडा, थंडीत गजक असे टिकाऊ पदार्थ निवडावेत. पत्त्यावर क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी आणि एपीओ एवढेच लिहावे; गावाचे नाव लिहू नये.

परदेशी

अमेरिकेतील ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून संपली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचे बहुतेक टपाल थांबवले होते. १५ ऑक्टोबरपासून ते पुन्हा सुरू झाले. आता विकलेल्या वस्तूवर शुल्क किती आणि ते कोण भरणार, हे मागणी घेतानाच ठरवावे. विकलेल्या वस्तूवर ‘भेट’ असे लिहू नये. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे दुधाचे पदार्थ आणि बिया यांबाबत तपासणी कडक असते. पार्सल जप्त झाले तर पाठवणीखर्च परत मिळत नाही.

नाणी विकणाऱ्यांनी एक नियम कायम लक्षात ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. शिंद्यांच्या काळातील बहुतेक नाणी यात येतात. गिऱ्हाईक नातेवाईक असले तरी नियम तोच.

गिऱ्हाइकाकडून किती घ्यावे

चार पद्धती रूढ आहेत.

१. प्रत्यक्ष खर्च. जेवढा लागेल तेवढा. सर्वांत प्रामाणिक, पण प्रत्येक वेळी चौकशी करावी लागते.

२. सर्वांना एकच आकडा. सांगायला सोपा, पण धोक्याचा. समजा दहा पार्सलांपैकी आठ जवळची, प्रत्येकी १०० रुपयांची, आणि दोन दुर्गम, प्रत्येकी ४०० रुपयांची. एकूण १६००, सरासरी १६०. जवळच्या गिऱ्हाइकाला शंभराचे काम १६० ला वाटते आणि काही जण सोडून जातात. जवळची चारच उरली तर खर्च १२००, पार्सले सहा, सरासरी २००. आकडा वाढवला की आणखी लोक जातात. शेवटी विक्रेता स्वतःच्या खिशातून घालतो.

३. पाठवणी मोफत. म्हणजे तोच खर्च मालाच्या किमतीत मिळवलेला. घरी येऊन नेणाऱ्या शेजाऱ्यालाही मग लेहचा खर्च भरावा लागतो.

४. गट पाडून. गाव, नेहमीचे परगाव, दुर्गम आणि सैन्य, असे चार गट. प्रत्येकाचा वेगळा आकडा आणि दुर्गम गटाला किमान मागणीची अट, उदाहरणार्थ दोन किलो.

हलक्या वस्तूंना एकच आकडा आणि खाद्यपदार्थ किंवा फुगीर वस्तूंना गट, हे मिश्रण बहुतेक घरांना सोयीचे पडते.

आकडा ठरवताना केवळ पावतीवरची रक्कम धरू नये. खोके, चिकटपट्टी, बुडबुड्यांचे प्लास्टिक, महाराज बाड्याच्या टपाल कार्यालयापर्यंत जाण्यायेण्याचे भाडे हेही त्यात यावे. परत आलेल्या पार्सलाचाही वाटा धरावा. दुर्गम पार्सलाला जाताना ५०० आणि परतताना ५०० खर्च आला आणि वीसांतले एक परत येत असेल, तर प्रत्येक पार्सलावर ५० रुपये आधीच बाजूला टाकावे लागतात. म्हणून दुर्गम पत्त्यावर पैसे आधी घ्यावेत. माल पोचल्यावर पैसे घेण्याची पद्धत तेथे टाळावी. आपल्या आजोबांच्या काळात पुस्तके ‘व्ही. पी.’ने येत आणि कोणी ती न सोडवता परत पाठवली, की दोन्ही वेळचा भुर्दंड प्रकाशक सोसत असे. तीच गोष्ट आज नव्या नावाने चालते.

कागदपत्रांचेही थोडे पाहावे. राज्याबाहेर करपात्र माल विकणाऱ्याला, उलाढाल लहान असली तरी, साधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना मर्यादेपर्यंत सूट आहे. ग्वाल्हेरकरांना हे विशेष लागू पडते, कारण धौलपूर आणि झाशी अगदी जवळ असूनही ती दुसरी राज्ये आहेत. खाद्यपदार्थ विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. आपल्या वस्तूला काय लागू होते, हे करसल्लागाराला एकदा विचारून घ्यावे.

पाठवण्यापूर्वी

- सहाही आकड्यांचा पिनकोड तपासला का?
- खोके मोजून आकारमानाचे वजन काढले का?
- अधिभार पार्सलामागे की किलोमागे, हे विचारले का?
- घेणाऱ्याचा फोन क्रमांक खोक्यावर आहे का? दुर्गम भागात तो नसल्यानेच पार्सले परत येतात.
- मालाचे आणि बंद खोक्याचे छायाचित्र काढले का?
- पावती जपून ठेवली का?

एक वही ठेवावी: तारीख, पिनकोड, खरे वजन, आकारमानाचे वजन, दिलेले पैसे, घेतलेले पैसे, पोचायला लागलेले दिवस. एका दिवाळीची वही पुढच्या दिवाळीचे दरपत्रक ठरते. ज्यांच्याकडे अशा नोंदी आहेत त्यांनी त्या मंडळाच्या कार्यालयात दाखवल्या, तर नव्याने सुरू करणाऱ्या भगिनींना उपयोग होईल. लेहला बसलेल्या आपल्या मुलाला चिवडा मिळावा आणि तो करणारीच्या हाती चार पैसेही राहावेत, एवढे या हिशोबाने साधते.